राजदूत सी. बी. मुत्तम्मा : जीवन, कारकीर्द आणि खटला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सी. बी. मुत्तम्मा कोण होत्या?

भारतीय परराष्ट्र सेवेत स्पर्धा परीक्षेच्या मार्गाने दाखल झालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. १९४९ साली त्या सेवेत आल्या, १९७० साली हंगेरीतील राजदूत झाल्या आणि १९८२ साली निवृत्त झाल्या. सेवेत असतानाच, स्वतः वरिष्ठ पदावर असताना, त्यांनी केंद्र सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या खटल्याच्या १९७९ च्या निकालामुळे त्यांचे नाव परराष्ट्र व्यवहाराच्या अभ्यासकांइतकेच कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला सहसा एकच ओळ येते. ती ओळ खरी असली, तरी तिच्यातून त्यांनी काय सोसले आणि काय बदलून दाखवले ते कळत नाही, म्हणून हे प्रश्न येथे विस्ताराने घेतले आहेत.

त्यांचे पूर्ण नाव काय? मराठीत ते वेगवेगळ्या प्रकारे का लिहिले जाते?

पूर्ण नाव चोनिरा बेळ्ळियप्पा मुत्तम्मा. कर्नाटकातील कोडगू (कूर्ग) भागातल्या त्यांच्या कोडव समाजात घराण्याचे नाव आधी येते, मग वडिलांचे आणि शेवटी व्यक्तीचे स्वतःचे, म्हणजे आपल्याकडच्या नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाच्या अगदी उलट. त्यामुळे ‘मुत्तम्मा’ हे त्यांचे आडनाव नसून स्वतःचे नाव आहे आणि ‘चोनिरा’ हे घराण्याचे. इंग्रजी अक्षरांवरून परत मराठीत आणताना पुष्कळ ठिकाणी ‘मुथम्मा’ असे छापले जाते. कन्नड उच्चाराला ‘मुत्तम्मा’ हे रूप अधिक जवळचे असल्याने येथे तेच वापरले आहे.

भारताच्या पहिल्या महिला राजदूत विजयालक्ष्मी पंडित की मुत्तम्मा?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांकडून सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रश्नातील शब्दांवर अवलंबून आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या महिला राजदूत विजयालक्ष्मी पंडित. १९४७ साली त्यांची मॉस्कोला नेमणूक झाली, त्यानंतर त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि पुढे लंडनमध्ये उच्चायुक्त झाल्या. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित हे राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले आणि त्या स्वतः १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला त्यांचे नाव आधी आठवणे स्वाभाविक आहे. मात्र त्यांची नेमणूक राजकीय होती. स्वातंत्र्यलढ्यातील कार्य आणि सार्वजनिक जीवनातील स्थान पाहून सरकारने त्यांना थेट राजदूत केले होते. सेवेच्या पहिल्या पायरीवरून, एकेक हुद्दा चढत राजदूतपदापर्यंत पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला मुत्तम्मा आहेत. प्रश्नात ‘सेवेतील अधिकाऱ्यांपैकी’ किंवा ‘परराष्ट्र सेवेतील’ असे शब्द असतील तर उत्तर मुत्तम्मा, अन्यथा विजयालक्ष्मी पंडित.

त्यांचे बालपण आणि शिक्षण कुठे झाले?

२४ जानेवारी १९२४ रोजी कोडगूमधील विराजपेठ येथे त्यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात अधिकारी होते. मुत्तम्मा नऊ वर्षांच्या असताना ते वारले आणि चार मुलांची जबाबदारी एकट्या आईवर आली. मुलींनाही मुलांप्रमाणेच शिकवायचे हा आईचा निश्चय होता. शालेय शिक्षण मडिकेरीच्या सेंट जोसेफ मुलींच्या शाळेत झाले, त्यानंतर मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजातून त्यांनी सुवर्णपदकांसह पदवी घेतली आणि तिथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम. ए. केले.

परीक्षा आणि मुलाखतीच्या वेळी काय घडले?

भारतीय परराष्ट्र सेवा स्थापन करण्याचा निर्णय ९ ऑक्टोबर १९४६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच झाला होता, पण संयुक्त स्पर्धा परीक्षेतून निवडलेले अधिकारी तिच्यात १९४८ पासून येऊ लागले. मुत्तम्मांनी ही परीक्षा १९४८ साली दिली. आजच्या संघ लोकसेवा आयोगाला त्या वेळी फेडरल पब्लिक सर्व्हिस कमिशन म्हणत असत. लेखी परीक्षेत त्यांनी उत्तम यश मिळवले. मुलाखत मंडळाने मात्र ही सेवा स्त्रियांसाठी योग्य नाही असे सांगून त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्या मागे हटल्या नाहीत. मुलाखतीत आपण त्यांना मुद्दाम कमीत कमी गुण दिले होते, असे मंडळाच्या अध्यक्षांनी पुढे कबूल केल्याचे सांगितले जाते. तरीही एकूण गुणांच्या बळावर त्यांची निवड झाली, यावरून लेखी परीक्षेतील त्यांच्या आघाडीची कल्पना यावी.

लग्न केल्यास राजीनामा देईन, अशी हमी त्यांच्याकडून खरोखरच घेतली होती का?

होय. सेवेत रुजू होताना, विवाह केल्यास आपण राजीनामा देऊ, असे त्यांना लिहून द्यावे लागले होते. ही गोष्ट त्यांनी पुढे सर्वोच्च न्यायालयातील आपल्या याचिकेतही मांडली. त्यांच्यासोबत रुजू झालेल्या पुरुष अधिकाऱ्यांना अशी हमी द्यावी लागली नाही.

हा प्रकार एका नेमणूकपत्रापुरता नव्हता. १९६१ च्या वर्तणूक व शिस्तविषयक नियमांतील नियम ८ च्या दुसऱ्या उपनियमानुसार, परराष्ट्र सेवेतील महिलेला विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घेणे बंधनकारक होते. शिवाय विवाहानंतर केव्हाही, तिच्या कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येण्याची शक्यता आहे असे सरकारला वाटल्यास, तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे. लक्षात घ्यावे की कामात प्रत्यक्ष कसूर व्हावी लागत नव्हती, ती होईल असे सरकारला वाटणे पुरेसे होते. त्याच वर्षीच्या भरती व पदोन्नतीच्या नियमांतील नियम १८ चा चौथा उपनियम याहून पुढे जात होता. कोणत्याही विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणूक मिळण्याचा हक्क असणार नाही, असे त्यात सरळ म्हटले होते.

हे नियम इंग्रजांच्या काळातून आले होते का?

अनेकांचा असा समज असतो, परंतु वर्षे पाहिली की तो टिकत नाही. राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या अनुच्छेद १५ ने लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली. हे नियम त्यानंतर अकरा वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्यांनी तयार केले आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने लागू केले. मुत्तम्मांनी १९४९ मध्ये लिहून दिलेली हमी एक वेळ जुन्या रीतीचा अवशेष म्हणून समजून घेता येईल. १९६१ च्या नियमांना ती सबब लागू पडत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब हीच आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

प्रशासकीय सेवेतही असेच बंधन होते. १९५१ च्या तुकडीतील ॲना राजम यांच्यापुढेही विवाहाची हीच अट ठेवली गेली होती. ही अट पुढे शिथिल झाली आणि विवाहानंतर ॲना राजम मल्होत्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या याच अधिकाऱ्यांनी न्हावा शेवा बंदराच्या उभारणीची जबाबदारी पेलली.

मुत्तम्मांनी विवाह केला का?

नाही. त्या अविवाहित राहिल्या.

राजदूत होण्यापूर्वी त्यांनी कुठे काम केले?

पहिली नेमणूक पॅरिसच्या दूतावासात झाली. त्यानंतर रंगून आणि लंडन येथे, तसेच दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात पाकिस्तान आणि अमेरिका खंडाशी संबंधित विभागांत त्यांनी काम केले. परराष्ट्र सेवेत असे आलटूनपालटून काम करावे लागते. काही वर्षे परदेशी वकिलातीत घालवली की काही वर्षे दिल्लीत फायलींवर जातात. तृतीय सचिव, द्वितीय सचिव, प्रथम सचिव, सल्लागार (कौन्सेलर) अशा हुद्द्यांवरून अधिकारी वर सरकतो. तिथल्या सरकारचे म्हणणे समजून घेणे, आपले म्हणणे त्यांच्या गळी उतरवणे, अहवाल लिहिणे, आणि अडचणीत सापडलेल्या आपल्या नागरिकांना मदत करणे, हे बहुतेक काम लोकांच्या नजरेआड होते. रुजू होण्यापासून राजदूतपदापर्यंत पोहोचायला मुत्तम्मांना २१ वर्षे लागली.

राजदूताची नेमणूक कशी होते?

सरकार नाव निश्चित करते, पण ते लगेच जाहीर करत नाही. व्हिएन्ना येथे १९६१ साली झालेल्या राजनैतिक संबंधांविषयीच्या करारानुसार, ज्या देशात राजदूत पाठवायचा त्या देशाची पूर्वसंमती घ्यावी लागते. तो देश ती नाकारू शकतो आणि नकाराचे कारण देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. संमती मिळाल्यावर राष्ट्रपतींच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन नियोजित राजदूत त्या देशात जातो आणि तिथल्या राष्ट्रप्रमुखाला ते समारंभपूर्वक सादर करतो. त्यानंतरच तो पूर्ण अर्थाने राजदूत म्हणून काम करू लागतो.

राष्ट्रकुलातील देशांत राजदूताऐवजी उच्चायुक्त म्हणतात. काम आणि दर्जा एकच असतो, फरक नावापुरता आणि काही औपचारिकतेपुरता असतो.

त्या कोणकोणत्या देशांत प्रमुख होत्या?

हंगेरी, घाना आणि नेदरलँड्स, म्हणजे बुडापेस्ट, आक्रा आणि हेग. पुष्कळ ठिकाणी त्यांना ‘घानातील राजदूत’ म्हटलेले आढळते, पण घाना राष्ट्रकुलाचा सदस्य असल्याने तिथले पद उच्चायुक्ताचे होते.

१९७० मधली बुडापेस्टची नेमणूक ही त्यांची राजदूत म्हणून पहिली. हंगेरी त्या वेळी सोव्हिएत गटात होता. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, त्याला चौदा वर्षे झाली होती. त्या उठावाच्या वेळी भारत सरकारने घेतलेल्या सावध भूमिकेवर देशात बरीच टीका झाली होती. अशा राजधानीत भारताचे प्रतिनिधित्व करायचे, तर शब्द जपून वापरावे लागत. एका स्त्रीला राजदूत म्हणून पाठवल्यास तिथले सरकार तिला गांभीर्याने घेईल का, अशा शंका ज्यांच्या मनात असतील त्यांना उत्तर मिळायला वेळ लागला नाही. हंगेरीनंतर आणखी दोन देशांत त्यांच्याकडे तीच जबाबदारी सोपवण्यात आली.

मग राजदूत झाल्यावर न्यायालयात जाण्याची वेळ का आली?

राजदूतपद ही कामगिरी आहे, तर श्रेणी ही सेवेतील पायरी. द्वितीय श्रेणीतील अधिकारीही एखाद्या देशात राजदूत असू शकतो. मुत्तम्मांची प्रथम श्रेणीत बढती होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यांना पुढे नेण्यात आले. कारण गुणवत्तेचे दिले गेले. तीन दशकांच्या सेवेनंतर, एका देशातील राजदूतपद सांभाळून झाल्यावर, त्यांची गुणवत्ता अपुरी ठरली होती.

त्यांनी हा प्रश्न केवळ स्वतःच्या बढतीपुरता ठेवला नाही. सेवेत प्रवेश करताना घेतलेली हमी, विवाहाविषयीचे दोन्ही नियम आणि स्त्रियांकडे पाहण्याची निवड करणाऱ्यांची दृष्टी हे सर्व त्यांनी याचिकेत एकत्र मांडले. नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याने आपल्याच मंत्रालयाला थेट सर्वोच्च न्यायालयात खेचणे ही आजही सोपी गोष्ट नाही. त्या काळी, त्या सेवेत, एकट्या स्त्रीने ते करण्यासाठी किती धैर्य लागले असेल याचा विचार वाचकाने जरूर करावा.

त्या खटला जिंकल्या की हरल्या?

कागदोपत्री त्यांची याचिका फेटाळली गेली. प्रत्यक्षात त्या जिंकल्या. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे, ते समजण्यासाठी घटनाक्रम पाहावा लागतो.

याचिका प्रलंबित असतानाच सरकारने त्यांना प्रथम श्रेणीत बढती दिली आणि हेगमध्ये राजदूत म्हणून नेमले. त्यामुळे मुख्य मागणी न्यायालयाच्या आदेशाविनाच पूर्ण झाली. नियमांबाबत सरकारने सांगितले की नियम १८ चा तो उपनियम १२ नोव्हेंबर १९७३ रोजीच वगळला आहे आणि नियम ८ चा उपनियमही वगळण्याच्या मार्गावर आहे. मुंबईच्या वकिली परंपरेतून पुढे आलेले सोली सोराबजी हे तेव्हा सॉलिसिटर जनरल, म्हणजे सरकारची बाजू मांडणारे वकील होते. रद्द करायला समोर काही उरलेच नाही, अशी स्थिती निर्माण झाली होती.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दोन सदस्यांच्या पीठातर्फे निकाल लिहिला. असा निकाल दोन परिच्छेदांत आटोपता आला असता, पण त्यांनी तसे केले नाही. अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता) आणि १६ हे वास्तव आहेत की दंतकथा, असा प्रश्न पडावा अशी ही कहाणी आहे, अशी त्यांनी सुरुवात केली. स्त्रीच्या कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येऊ शकत असतील, तर पुरुषाच्या बाबतीतही तसेच घडू शकते, विशेषतः विभक्त कुटुंबांच्या आणि परदेशी विवाहांच्या काळात, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. विवाहित पुरुषाला जो हक्क आहे, तो इतर गोष्टी समान असताना विवाहित स्त्रीलाही आहे. मुत्तम्मांच्या आधी बढती मिळालेल्या कनिष्ठांच्या संदर्भात त्यांच्या ज्येष्ठतेचा फेरविचार करावा, असा आदेश दिला. सर्वच सेवानियम तपासून त्यांतील लिंगभेदाचा डाग पुसून टाकावा आणि त्यासाठी कोणी याचिका करण्याची वाट पाहू नये, असेही सरकारला बजावले. आणि शेवटी, आम्ही याचिका फेटाळत आहोत पण हा प्रश्न नव्हे, असे नमूद केले.

अशा अटींविरुद्ध त्याआधी कोणी लढले होते का?

लढले होते, आणि तेही मुंबईत. औषधे बनवणाऱ्या एका कंपनीत गोळ्या-औषधांच्या वेष्टनाचे आणि त्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम करणाऱ्या विभागात अविवाहित स्त्रियांना घेतले जाई आणि लग्न झाले की त्यांची नोकरी संपे. बॉम्बे लेबर युनियनने या अटीला आव्हान दिले. हे काम गटागटाने चालते, त्यासाठी नियमित हजेरी लागते आणि विवाहित स्त्रियांच्या रजा जास्त होतात, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली तो अमान्य केला. विवाहित स्त्रिया अविवाहितांपेक्षा किंवा विधवांपेक्षा अधिक गैरहजर राहतात याला काही आधार नाही, आणि बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न असेल तर थोड्या जादा स्त्रिया राखीव ठेवून तो सोडवता येतो, असे न्यायालयाने सांगितले व ती अट काढून टाकायला लावली.

म्हणजे मुंबईतील वेष्टन विभागातल्या कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर जे १९६५ साली मिळवले, ते देशाच्या राजदूताला १९७९ पर्यंत मिळाले नव्हते. मुत्तम्मांचा खटला सांगताना या मुंबईच्या स्त्रियांचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा असे आम्हाला मनापासून वाटते, कारण युक्तिवाद तोच होता आणि तो आधी त्यांनी लढवला होता.

त्या निकालात काही त्रुटी आहे का?

आहे. सर्व व्यवसायांत आणि सर्व परिस्थितींत स्त्री-पुरुष समान आहेत असा सार्वत्रिक सिद्धान्त आम्ही मांडत नाही, विशिष्ट कामाच्या गरजेनुसार अपवाद करावे लागू शकतात, असेही त्याच निकालात म्हटले आहे. ही पळवाट मोठी होती. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणानंतर नोकरी संपवण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, मात्र रुजू झाल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न करण्यावरील बंदी कायम ठेवली. मुत्तम्मांच्या निकालाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, परंतु त्या एका निकालाने सर्व काही बदलले असे लिहिणे चुकीचे ठरेल.

निवृत्तीनंतर त्यांनी काय केले?

१९८२ मध्ये, ३२ वर्षांहून अधिक सेवेनंतर त्या निवृत्त झाल्या. स्वीडनचे ओलोफ पाल्मे यांच्या अध्यक्षतेखालील निःशस्त्रीकरण व सुरक्षाविषयक स्वतंत्र आयोगावर त्या भारतीय सदस्य होत्या. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स आणि सोव्हिएत संघाचे गिओर्गी अर्बातोव्ह त्यांच्यासोबत होते. या आयोगाने १९८२ च्या अहवालात सामायिक सुरक्षेची कल्पना मांडली. अण्वस्त्रांच्या युगात शत्रूला असुरक्षित ठेवून कोणतेही राष्ट्र स्वतः सुरक्षित राहू शकत नाही, असा तिचा गाभा होता.

दिल्लीतील आपली पंधरा एकर जमीन त्यांनी अनाथ मुलांच्या कामासाठी मदर तेरेसा यांच्या संस्थेला दिली. प्रशासनाविषयीच्या त्यांच्या लेखांचा संग्रह २००३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. कोडव स्वयंपाकावरही त्यांनी एक पुस्तक लिहिले. परदेशांत आयुष्य घालवलेल्या या बाईंना आपल्या घरच्या चवी कागदावर उतरवून ठेवाव्याशा वाटल्या, हे वाचून त्यांच्याविषयीचा आदर दुणावतो.

त्यांना परराष्ट्र सचिव का केले गेले नाही?

त्या पदापर्यंत एकही स्त्री विसाव्या शतकात पोहोचली नाही. पहिल्या महिला परराष्ट्र सचिव चोकिला अय्यर, २००१ मध्ये. त्यानंतर २००९ मध्ये निरुपमा राव आणि २०१३ मध्ये सुजाता सिंह.

मुत्तम्मांचे निधन केव्हा झाले?

१४ ऑक्टोबर २००९ रोजी बंगळुरूमध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी. निरुपमा राव यांनी परराष्ट्र सचिवपदाची सूत्रे स्वीकारून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

मूळ निकाल वाचणे सामान्य वाचकाला जमेल का?

नक्की जमेल. ‘सी. बी. मुत्तम्मा विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल १७ सप्टेंबर १९७९ चा आहे आणि तो लांबीने अगदी छोटा आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांची इंग्रजी अलंकारिक असल्याने एखाद्या शब्दाला अडखळायला होईल, पण दोन्ही नियमांचा मूळ मजकूर त्यात जसाच्या तसा दिलेला आहे. तो आधी वाचावा आणि मग न्यायालयाचे म्हणणे वाचावे.